हौदाकाठी दोना जुरेमा

दोना जुरेमाला राग येतो असं आमच्या गावात कोणी म्हणत नाही. राग तिच्याकडे कायमचा मुक्कामाला असतो, आणि एखाद्या दिवशी तो दिसला नाही तर लोक आनीझिओला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गाठून विचारतात, "काय रे, बाईंना बरं नाही का?"

ती नगरपालिकेच्या शाळेत स्वयंपाकीण आहे; 'दोना' हे आमच्याकडे बाईंच्या नावाआधी मानाने लावतात. शाळाभर पोरांचा घेवडा-भात ती एकटी रांधते. ताटात घेवडा टाकलेला तिला दिसला तर ती त्या पोराला काही बोलत नाही, नुसती त्याच्यासमोर येऊन उभी राहते. पोरं आधी भीतीने ताट पुसून काढतात, मग चवीने परत मागायला येतात, आणि मग "पहिल्यांदाच जास्त घ्यायला काय झालं होतं?" म्हणून ती पुन्हा रागावते. एकदा पुरवठादाराने सडके टोमॅटो आणून टाकले. तिने तक्रार केली नाही. एकेक टोमॅटो नेम धरून त्याच्या ट्रकमध्ये परत पोचवला. ट्रकची काच वर होती की खाली, हे तिने पाहिलं नाही.

हे सगळे राग गावाच्या करमणुकीचे. मायाराबद्दलचा राग वेगळा.

मायारा तिची नात, सहा वर्षांची. वर्षापूर्वी तिच्या गुडघ्यावर एक पांढरा डाग उमटला, मग कोपरावर, मग मानेवर. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे कोड आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही, कोणाला लागत नाही. घरच्यांना ते कळलं. गावाला कळायला वेळ लागतो. पाव विकणाऱ्या बाईने एक दिवस सुटे पैसे मायाराच्या पसरलेल्या हातावर ठेवायच्या ऐवजी काउंटरवर ठेवले. एवढंच. पण दोना जुरेमा मागे उभी होती. त्या दिवसापासून त्या घरात विकतचा पाव आला नाही, आणि पावाचं दुकान गावात एकच असल्यामुळे आनीझिओ तेव्हापासून कॉफीत कडक बिस्किटं बुडवून खातो आहे. त्याची तक्रार नाही. तक्रार करायला त्या घरात जागाच उरलेली नाही.

मायाराची आई रोझिलेनी सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते. तिने मुलीला लांब बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली. आमच्याकडच्या उन्हात ते शर्ट म्हणजे शिक्षा. पण पोर मुकाट्याने घालायची, आणि ते बघून आजीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दर जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, शाळेच्या सुट्टीत, दोना जुरेमा आमच्या गल्लीची बस भरून गरम पाण्याच्या पार्कात नेते. नाव तेर्मास दो बुरिती. जमिनीतून गरम पाणी येतं, त्याचे तलाव केले आहेत, आकाशाला भिडणाऱ्या घसरगुंड्या आहेत, लाटा येणारा एक खोटा समुद्रही आहे. बस ती ठरवते, कोण कुठे बसणार ते ती ठरवते, पण पाण्यात मात्र ती आजवर कधी उतरलेली नव्हती. घोट्यापर्यंतचा झगा घालून ती सामानाजवळ बसायची आणि तिथून बुडणाऱ्या-न बुडणाऱ्या सगळ्यांवर ओरडायची. कारण तिच्या पायांच्या निळ्या शिरा. आयुष्यभर चुलीसमोर उभं राहून पिंढऱ्यांवर त्या दोऱ्यांसारख्या फुगून आल्या होत्या. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती आणि कोणी कधी काढली नव्हती.

काढली ती मायाराने. माझी बायको नेइदी तिची धर्ममाता. तिने या वर्षी तिला पिवळा स्विमसूट आणला, वर तोकडा, खाली तोकडा. मायाराने तो छातीशी धरला आणि म्हणाली, "छान आहे. पण सगळे बघतील."

"बघू देत की," आजी म्हणाली. "डोळे दिलेत देवाने."

"मग तू का पाय झाकतेस?"

मी तिथे होतो. आनीझिओच्या हातातलं बिस्किट कॉफीत पडलं आणि विरघळलं, तरी कोणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दोना जुरेमा तालुक्याला गेली आणि नारिंगी स्विमसूट घेऊन आली. नारिंगी म्हणजे रस्ता खणताना लावतात त्या खांबांसारखा. ठराव असा झाला: तू पिवळा, मी नारिंगी. वरून काही नाही.

निघालो त्या रविवारी पहाटे असा गारठा होता की वाल्दीर ड्रायव्हरच्या तोंडातून वाफ निघत होती. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, आणि आमची गल्ली आतलं खाणं विकत घेत नाही. त्यामुळे दर वर्षीप्रमाणे भाजलेल्या कोंबड्या आणि वरून भुरभुरवायचा फारोफा, म्हणजे लोण्यात परतलेलं कसाव्याचं पीठ, यांची चोरून वाहतूक होती. या वर्षी नेइदीने कमाल केली होती. सगळ्या कोंबड्या चांदीच्या कागदात बांधून, दुपट्यात गुंडाळून, वर टोपडं घालून तिने त्यांचं तान्हं बाळ केलं होतं. सामान तपासणाऱ्या माणसाने तर "झोपलंय का?" असं कुजबुजत विचारलं.

"आत्ताच डोळा लागलाय," नेइदी म्हणाली.

त्यानंतर आली ती पायांची तपासणी. आमच्याकडे तपासल्याशिवाय कोणाला तलावात सोडत नाहीत. पायाची बोटं फाकवून दाखवायची, अंग दाखवायचं, मग हातावर निळ्या माशाचा शिक्का. नियम डॉक्टरने तपासायचं असा आहे. प्रत्यक्षात पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी बसते आणि हातातली टॉर्च पायांवरून अशी फिरवते, जशी आपण उकाड्यात पुठ्ठ्याने वारा घेतो. "पुढे. पुढे. पुढे." आमची निम्मी बस अशी पुढे गेली. मग मायाराची पाळी आली. तिने स्वेटर काढला, पॅन्ट काढली, आणि पिवळ्या पोशाखात उभी राहिली.

तपासणाऱ्या मुलीचं च्युइंगम चघळणं थांबलं. "हे काय आहे?"

"हे बदक आहे," मायारा गुडघ्यावर बोट ठेवून म्हणाली. "कोपरावर आहे ती कढई. मानेवरच्याला अजून नाव नाही ठेवलं."

"मॅडम, हिला शिक्का नाही मारता येणार. नायटा असू शकतो."

दोना जुरेमाने आवाज खाली आणला. तिला ओळखणारी माणसं अशा वेळी दोन पावलं मागे सरतात. सगळी गल्ली मागे सरली.

"काय नाव तुझं, बाळ?"

"दाइयानी."

"दाइयानी, हे कोड आहे, नायटा नाही. ते सोड. हा माझा नवरा. याचे पाय तपासलेस तू?"

"हो, तपासले. शिक्का आहे ना हातावर."

"याने मोजे काढलेलेच नाहीत."

सगळ्यांनी खाली पाहिलं. आनीझिओच्या पायात तपकिरी लोकरीचे मोजे होते. तो म्हणाला, "थंडी होती ना."

दाइयानीने घाईघाईने फोन लावला, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला मॅनेजर जेर्सन आला. तो हसतच आला. अशा माणसांना हसण्याचा पगार वेगळा मिळत असावा. त्याने मायाराकडे पाहिलं, म्हणजे तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि तोंड वळवून आमच्याशी बोलायला लागला.

"वाद कशाला, मॅडम? आमच्या दुकानात मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे पोशाख आहेत, गळ्यापासून घोट्यापर्यंत. आमच्याकडून भेट समजा. तो घालून खुशाल खेळू दे तिला."

"म्हणजे अंगाला लागेल, पण कापडावरून लागणार नाही?"

"तसं नाही हो. इतर पाहुण्यांचाही विचार करावा लागतो."

आणि इतर पाहुणे मागे होतेच. दुसऱ्या बसमधला एक टकला, खांद्यावर मगरीच्या आकाराची हवेची गादी घेतलेला, ओरडला, "अहो, त्या पोरीला बाजूला घ्या ना. आमचीही मुलं उतरणारेत त्याच पाण्यात."

मी तसा थट्टेखोर माणूस. पण त्या क्षणी ती मगर त्याच्या डोक्यात फोडावी असं मला वाटलं, आणि ती हवेची आहे याचं वाईट वाटलं.

आनीझिओ बिचारा भांडणाला घाबरतो. तो हळूच म्हणाला, "जुरेमा, घालू दे ना आत्तापुरता. आत गेल्यावर काढेल."

तेवढ्यात मायारा आपला स्वेटर उचलून पुन्हा डोक्यातून घालायला लागली. "मी घालते तो मोठा पोशाख, आजी," स्वेटरच्या आतून आवाज आला. "मला चालेल."

सहा वर्षांच्या पोरीने हट्ट करावा, लोळण घ्यावी, चावावं. "मला चालेल" हे तिने इतक्या सफाईने म्हटलं की ते पहिल्यांदाच म्हणत नव्हती हे आम्हा सगळ्यांना कळलं. वर्षभर तिला आम्ही काय काय चालवून घ्यायला लावलं होतं, कोण जाणे.

दोना जुरेमाने तो स्वेटर वरच्या वर काढून घेतला. "मला चालत नाही," ती म्हणाली. मग वळली. "नेइदी, बाळ उघड."

"इथे?"

"इथेच. बसा रे सगळे खाली. पोरगी जाईल ती अशीच जाईल, नाहीतर या दारातून आज कोणी जाणार नाही."

आमची गल्ली एरवी एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. पण तलावांकडे जाणाऱ्या त्या फिरत्या दारासमोर चाळीस माणसं एका झटक्यात मांडी घालून बसली. आत गेलेले बाहेर येऊन बसले. नेइदीने बाळाचं टोपडं काढलं, दुपटं सोडलं, आणि सामान तपासणाऱ्या माणसाने बाळाची तंगडी मोडलेली पाहिली तेव्हा तो भिंतीला टेकला. कोंबड्यांचा वास पसरला. डबे उघडले. फारोफा हातोहात फिरला, आणि फारोफा न सांडता खाणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. जेर्सनच्या काचेसारख्या लादीवर पिवळा सडा पडला.

"इथे खायला परवानगी नाही, मॅडम."

"आत नाही. मी विचारून घेतलंय. हे बाहेर आहे."

मागे रांग वाढत गेली. तिसरी बस आली, चौथी आली. लोक आधी आमच्यावर चिडले, मग का ते विचारायला लागले, मग कळल्यावर जेर्सनवर चिडले. त्या टकल्याची दोन पोरं मगर सोडून आमच्यात येऊन बसली होती आणि मायाराच्या शेजारी तंगड्या चोखत होती. तो त्यांना हाका मारत होता. ती ऐकत नव्हती.

"डॉक्टर कुठाय?" दोना जुरेमा म्हणाली. "पाटीवर लिहिलंय ना, डॉक्टर तपासणार. मग आण की त्याला."

शेवटी डॉक्टर आला. म्हातारा, केस ओले, अंगावर टॉवेल. खोट्या समुद्रातून बोलावून आणलेला असावा. त्याने मायाराचा गुडघा धरून पाहिला. हाताने धरून, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

"बदक आहे ते," मायारा म्हणाली.

"दिसतंय. चोच मोठी आहे." मग जेर्सनकडे वळून तो म्हणाला, "कोड आहे हे. कोणाला लागत नाही. एवढ्यासाठी मला पाण्यातून काढलंस?" आणि त्याने स्वतः तिच्या हातावर निळा मासा उठवला.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. इथे दुसरी कोणीही बाई असती तर नात घेऊन आत गेली असती. पण दोना जुरेमाचा राग एवढ्यात परत जाणाऱ्यातला नव्हता.

"थांबा, डॉक्टर. कुठे निघालात? ही मुलगी मोज्यावर शिक्के मारते आणि निरोगी पोरीला अडवते. ते काही नाही. आता सगळ्यांना नीट तपासायचं, एकेक बोट फाकवून. आणि सुरुवात माझ्यापासून." असं म्हणून तिने चप्पल काढली आणि उजवा पाय त्या टेबलावर ठेवला, दाइयानीच्या वहाणेएवढ्या फोनशेजारी.

डॉक्टरने सुस्कारा टाकून टॉर्च घेतली. तो वाकला. बोटं फाकवली. मग दुसऱ्या बोटांमध्ये पाहिलं. मग दुसरा पाय मागितला.

"बाई, हे कधीपासून आहे?"

"काय कधीपासून? शाळेत लागले तेव्हापासून पाय असेच आहेत."

"या चिखल्या आहेत. चांगल्याच चिघळलेल्या. भिजलेल्या पायांनी उभ्या असता का तुम्ही?"

"स्वयंपाकघरात दिवसभर पाणी असतं. रबरी बूट आहेत, पण त्यांना भोकं आहेत. दर वर्षी मागते नवीन. शिक्षणाधिकारी म्हणतो, पुढच्या सत्रात."

डॉक्टर सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "नातीचं कोणाला लागत नाही. पण तुमचं हे मात्र लागतं, बाई."

चाळीस माणसांचे घास तोंडातच राहिले. जेर्सनचं हसू हळूहळू परत आलं. "नियम सगळ्यांना सारखा असतो, मॅडम," तो म्हणाला.

दार पुन्हा अडवणं दोना जुरेमाला जमलं असतं. आम्ही परत बसलो असतो. कोंबडी उरली होती.

"आत्ता झाला सारखा," ती म्हणाली. "मारू नका शिक्का."

डॉक्टरने तिला पाय बुडवायच्या हौदापर्यंत यायची मोकळीक दिली. तलावांत शिरण्याआधी सगळ्यांना त्या उथळ, औषधाचा वास येणाऱ्या पाण्यातून चालत जावं लागतं. हौदाच्या कोरड्या बाजूला बसा, म्हणाला, पलीकडे नको. पलीकडे सगळं होतं. वाफा निघणारं पाणी, घसरगुंड्या, किंचाळणारी पोरं. अलीकडे एक प्लास्टिकची खुर्ची.

मायारा टॉवेल गळ्यापर्यंत गुंडाळून त्या खुर्चीशेजारी उभी राहिली. "मग मीही नाही जात."

"का?"

"आपलं ठरलं होतं. दोघींनी."

आम्ही सगळे हौदाच्या पलीकडे जाऊन थबकलो होतो. इतका तमाशा, इतकी कोंबडी, आणि शेवटी पोर टॉवेलातच राहणार असं दिसत होतं. दोना जुरेमा उठली. तिने झग्याचं टोक धरलं आणि तो डोक्यातून काढला. नारिंगी रंग आधी दिसला. मग पाय दिसले. निळ्या शिरा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत वळणं घेत गेलेल्या. ती तशीच उभी राहिली, हात कमरेवर ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या बसच्या समोर.

"ठरलं होतं ते कपड्यांचं," ती म्हणाली. "पाण्याचं आपण काही ठरवलेलं नव्हतं. मी माझं केलं. आता तू."

मायाराने तिच्या पायांकडे नीट पाहिलं. एका शिरेवरून बोट फिरवलं. "हा साप आहे," ती म्हणाली.

"असेल."

"तुला थंडी वाजेल इथे."

"मला? मी रागावलेय."

हे मायाराला पटलं. तिने टॉवेल आजीच्या खुर्चीवर टाकला, हौदातून थप थप चालत पलीकडे आली, आणि नेइदीचा हात न धरता सरळ पाण्यात गेली. दुपारी तिच्याशी एकच माणूस भांडला. टकल्याचा धाकटा पोरगा. त्याचं म्हणणं पडलं की गुडघ्यावर बदक नसून मोटरसायकल आहे. ते भांडण लाटांमध्ये तासभर चाललं.

इकडे दोना जुरेमाने हौदाचा ताबा घेतला होता. तिला कोणी नेमलं नव्हतं. "मोजे काढ. असा ओलांडू नकोस, बुडव. दुसरा. बोटं फाकव, लाजतोस काय?" टकला मगरीसह आला तेव्हा तिने त्याला पुन्हा पुन्हा मागे पाठवलं, आणि त्याची बोटं शेवटी इतकी स्वच्छ झाली की त्याने आभार मानले. जेर्सन चकचकीत बूट घालून आला. तिने नुसतं त्याच्या बुटांकडे पाहिलं. त्यानंतर दिवसभर तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने वळसा घालून जाताना दिसत होता. मायारा प्रत्येक घसरगुंडीनंतर हौदापर्यंत धावत यायची, पलीकडूनच वर्णन सांगायची, आणि आजी अलीकडून ओरडायची, "धावू नकोस, मेले, घसरशील."

संध्याकाळी बस गावाकडे निघाली. ओले टॉवेल, झोपलेली पोरं, उरलेला फारोफा. दोना जुरेमाने कपडे बदलले नव्हते. नारिंगी पोशाखावर खांद्यावरून टॉवेल घेऊन ती पुढच्या सीटवर बसली होती, आणि पूर्ण वाटेत कोणावर ओरडली नाही. हे आम्हाला अजिबात आवडलं नाही. गावाची वेस आली तशी ती म्हणाली, "वाल्दीर, शिक्षणाधिकाऱ्याच्या घरावरून घे."

"क्लाउदेमीरसाहेबांच्या? रविवार आहे, दोना जुरेमा. पिझ्झा खात असतील."

"टेबलाशीच असेल मग. बरं झालं."

वाल्दीरने बस वळवली. गल्लीतल्या चाळीस माणसांपैकी कोणी घरी जायचंय असं म्हटलं नाही. क्लाउदेमीरसाहेबांनी हातात सुरी घेऊनच दार उघडलं आणि फाटकापाशी लागलेली बस पाहिली, मग टॉवेल गुंडाळलेले आम्ही, मग नारिंगी रंग. ती त्यांच्या बाजूने सरळ आत गेली, जेवणाच्या टेबलाशी पोचली, पिझ्झा जरा सरकवला आणि त्याच्या शेजारी पाय ठेवला.

"वाल्दीरची टॉर्च आणलीस?" तिने मागे न बघता विचारलं.

पिवळ्या पोशाखातली मायारा पुढे आली. दिवसभराच्या पाण्याने तिची बोटं सुरकुतली होती. तिने टॉर्च दोन्ही हातांनी धरली आणि आजीच्या बोटांमध्ये उजेड पाडला.

"वाका, साहेब," दोना जुरेमा म्हणाली. "आणि नीट बघा. मोजे मी काढूनच आलेय."